न्यायनिष्ठुर रामशास्त्री

आपल्या बोलण्यात काही माणसांची नावे गुणवाचक होऊन बसली आहेत. दात्याला आपण कर्ण म्हणतो, आणि नाते, ओळख, भीड बाजूला ठेवून खरे ते सांगणाऱ्याचा बाणा रामशास्त्र्याचा आहे असे म्हणतो. घरातल्या भांडणात आजी कोणाचीच बाजू घेत नाही असे दिसले, की नातवंडेही तिला रामशास्त्री करून टाकतात. नाव असे रोजच्या वापरात आले, की त्यामागचा माणूस मात्र विसरला जातो.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या इमारतीच्या मंडपात मुलांना गोष्टी सांगण्याचे काम माझ्याकडे आले. नारायणराव पेशव्यांचा वध गणपतीच्याच दिवसांत झाला, म्हणून मी रामशास्त्र्यांची गोष्ट निवडली. ती संपल्यावर कायद्याचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने मला विचारले, की मग राघोबादादांना शिक्षा झाली का? झाली नाही, असे मी सांगितले. तेव्हा तिने विचारले, की जो निकाल अमलात आला नाही त्याचा उपयोग काय? मला चटकन उत्तर देता आले नाही. या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने ते चरित्र मी पुन्हा नीट वाचले. त्या मुलीला तेव्हा द्यायचे राहिलेले उत्तर आता देऊ पाहते.

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली हे क्षेत्र आहे. तेथे १७२० च्या सुमारास राम विश्वनाथ प्रभुणे यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि चुलत्यांनी मुलाला वाढवले. शिकण्याच्या वयात रामाचे विद्येकडे लक्ष नव्हते. विशीच्या आसपास आला तरी अक्षरओळख जेमतेमच. पोटासाठी तो साताऱ्यातील अनगळ नावाच्या सावकाराकडे वरकाम करू लागला.

पुढची गोष्ट परंपरेने चालत आली आहे. एके दिवशी सावकाराच्या पायांवर पाणी घालताना रामाची नजर त्यांच्या कानातील भिकबाळीच्या टपोऱ्या मोत्यांवर खिळली आणि पाणी भलतीकडेच पडू लागले. सावकाराने टोमणा मारला, की असली मोती विद्येने नाहीतर तलवारीने मिळवावी लागतात, नुसते पाहत राहून मिळत नाहीत. मुलाच्या मनाला ते लागले. त्याने नोकरी सोडली आणि काशीची वाट धरली. पुष्कळांना अपमान झोंबतो. तो भांडणात न घालवता अभ्यासात घालवणारा एखादाच निघतो.

काशीत रामशास्त्र्यांनी वर्षानुवर्षे धर्मशास्त्राचे अध्ययन केले. त्यांचे गुरू पायगुंडे घराण्यातील बाळंभट्ट होते असे परंपरा सांगते. याच पायगुंड्यांच्या घरातील लक्ष्मीदेवी या स्त्रीच्या नावावर मिताक्षरेवरील बाळंभट्टी ही प्रसिद्ध टीका आहे, आणि वारसाहक्काच्या बाबतीत ती स्त्रियांकडे इतर ग्रंथांहून अधिक उदारपणे पाहते. ज्या परंपरेत आपले न्यायाधीश तयार झाले, तिच्यात एका स्त्रीचे नाव ग्रंथावर मानाने घातले जात होते, ही गोष्ट आपल्या मंडळातील भगिनींना आवडावी.

देशी परतल्यावर १७५१ मध्ये पेशव्यांच्या दरबारी शास्त्रीमंडळात त्यांना जागा मिळाली. १७५९ मध्ये बाळकृष्णशास्त्री गाडगीळ यांच्या मागे ते मुख्य न्यायाधीश झाले. एकेकाळी सावकाराच्या पायांवर पाणी घालणारा मुलगा आता सावकार आणि सरदार यांच्या वादांचा निवाडा करू लागला.

त्या काळी आजच्यासारखी छापील कायद्याची पुस्तके नव्हती, तरी न्यायाला शिस्त होती. फिर्याद करणाऱ्याला अग्रवादी आणि ज्याच्यावर फिर्याद त्याला पश्चिमवादी म्हणत. दोघांकडून आधी राजीनामा लिहून घेत. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचे पत्र. तेव्हा त्याचा अर्थ, जो निर्णय होईल तो मान्य करू अशी लेखी कबुली. मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे हकिगती, लिहून घ्यायच्या, कागदपत्र पाहायचे, गावच्या जाणत्यांची साक्ष काढायची, आणि शेवटी निवाडपत्र द्यायचे. जिंकणाऱ्याने हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. या सगळ्यात एक तत्त्व होते: दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय आणि पुरावा पाहिल्याशिवाय कोणाला दोषी म्हणायचे नाही. रामशास्त्र्यांनी हेच तत्त्व जन्मभर पाळले. पुढे ज्या प्रसंगाने त्यांचे नाव झाले, त्याचा पायाही हाच होता.

त्यांचे घर अगदी साधे होते. एक दिवस पुरेल त्याहून अधिक शिधा घरात ठेवायचा नाही असा त्यांचा नेम होता म्हणतात. पुण्यात श्रावणात विद्वान ब्राह्मणांना पेशव्यांकडून दक्षिणा वाटली जाई, आणि त्या कामावर रामशास्त्र्यांची देखरेख असे. एका वर्षी त्यांचे वडील बंधू दक्षिणेसाठी आले. त्यांची विद्या बेताचीच. नाना फडणीस शेजारी बसले होते. न्यायाधीशांचे बंधू म्हणून वीस रुपये द्यावेत असे त्यांनी सुचवले. रामशास्त्र्यांनी इतरांसारखे दोनच रुपये दिले. बंधू म्हणून जे द्यायचे ते आपण आपल्या घरी आपल्या मिळकतीतून देऊ, सरकारच्या पैशातून नव्हे, असे त्यांनी सांगितले. आज मंडळाच्या किंवा सोसायटीच्या पेटीची किल्ली ज्यांच्याकडे असते, त्यांना या दोन रुपयांचे वजन बरोबर कळेल.

दुसरी आख्यायिका त्यांच्या पत्नीची. शास्त्रीबाई वाड्यात हळदीकुंकवाला गेल्या. मुख्य न्यायाधीशांच्या पत्नीच्या अंगावर साधे लुगडे आणि गळ्यात मंगळसूत्र एवढेच पाहून पेशव्यांच्या घरच्या बायकांनी त्यांना भरजरी वस्त्रे नेसवली, दागिने घातले आणि पालखीतून घरी पाठवले. भोयांनी पालखी दाराशी उतरवली. रामशास्त्र्यांनी बाहेर पाहिले आणि या कोणी थोर बाई चुकून भलत्या घरी आल्या आहेत असे सांगून दार लावून घेतले. शास्त्रीबाई काय ते समजल्या. त्या वाड्यात परतल्या, सगळे उतरवून ठेवले आणि आपल्या लुगड्यात पायी घरी आल्या.

ही गोष्ट लहानपणी ऐकताना मला रामशास्त्र्यांचा अभिमान वाटे. आता वाचताना दाराबाहेर उभ्या राहिलेल्या त्या बाई आधी डोळ्यांसमोर येतात. नवऱ्याच्या व्रताचा अर्धा भार त्यांनी उचलला होता, आणि तोही कोणी न विचारता. दरबारातील माणसाला मिंधे करायचे तर आधी त्याच्या घरावर उपकार करावेत ही रीत जुनीच आहे. म्हणून ते दार लावणे बरोबरच होते. परंतु निःस्पृहतेचा मान वाटताना निम्मा त्या बाईंच्या पदरात पडायला हवा होता. त्यांचे नावही आपल्या तोंडी राहिले नाही.

१७६१ मध्ये पानिपत झाले. नानासाहेब पेशवे गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. माधवराव कर्तबगार होते, पण आरंभी स्नानसंध्या आणि जपजाप्य यांत त्यांचा पुष्कळ वेळ जाई. एकदा रामशास्त्री काही कामासाठी गेले असता पेशवे जपाला बसले होते, म्हणून त्यांना परतावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीला जाण्याची परवानगी मागितली. माधवरावांनी क्षमा मागितली आणि जप करीत होतो असे कारण दिले. त्यावर शास्त्र्यांनी त्यांना स्पष्ट सुनावले. राज्य हाती घेतल्यावर रयतेचे रक्षण हाच धर्म आहे. जपच करायचा तर दोघांनी मिळून गंगाकाठी जाऊन बसावे आणि गादी दुसऱ्याला द्यावी. माधवरावांनी ते ऐकले. अंमलदार गावकऱ्यांना वेठीला धरून फुकट ओझी वाहायला लावीत, ती चाल त्यांनी निर्धाराने मोडली. वसईच्या सुभेदारालाही त्याचा चटका बसला. राज्यकर्ता ऐकणारा असला, की न्यायाधीशाचे काम सोपे जाते. माधवराव असेपर्यंत रामशास्त्र्यांची खरी कसोटी लागलीच नाही.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने माधवरावांचा अंत झाला. धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद युसुफ हे गारदी थकलेल्या पगाराचे निमित्त करून वाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव धावत चुलत्यांच्या दालनात गेले आणि त्यांना मिठी मारून जीव वाचवा म्हणून विनवू लागले. तेथेच त्यांना ठार केले. धन्याच्या अंगावर आडवा पडलेला चापाजी टिळेकर हा सेवकही मारला गेला. वाड्यातील दुसरी काही माणसे, दासीसुद्धा, त्या कत्तलीत गेली.

आता पुण्यात राघोबादादांची सत्ता झाली. खून कोणी केला ते सारे शहर जाणत होते. करवला कोणी, हे मात्र लोक कुजबुजत बोलत. चौकशी करण्याचा अधिकार रामशास्त्र्यांचा होता, आणि ज्याच्याविरुद्ध चौकशी करायची तोच राज्याचा धनी झाला होता. त्यांना आजारपणाचे निमित्त करता आले असते, काशीयात्रेला निघून जाता आले असते. त्यांनी तसे काही केले नाही. सुमारे सहा आठवडे साक्षी घेतल्या, माणसे तपासली, कोण कोठे होता, कोणाला काय वचन दिले गेले, याचा धागा लावला. कटात गुंतलेल्या माणसांची संख्या पन्नासाच्या घरात गेली. आणि त्या सर्वांच्या मुळाशी रघुनाथराव आहेत असा निष्कर्ष त्यांनी काढला.

मग तो निष्कर्ष त्यांनी राघोबादादांच्या तोंडावर सांगितला. नारायणरावांना नुसते धरण्याचा आपला बेत होता, मारण्याचा नव्हता, असे दादा म्हणत होते आणि काही प्रायश्चित्त असेल तर घेऊ असे विचारीत होते. या पापाला देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही, आणि तुम्ही राज्यावर आहात तोवर या राज्यात मी चाकरी करणार नाही, पुण्यात पाऊलही ठेवणार नाही, असे रामशास्त्र्यांनी सांगितले. हाती फौज नव्हती, पाठीशी सरदार नव्हता. पद सोडून ते पुण्याबाहेर पडले आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

या प्रकरणातील एका गोष्टीवर आपण बायकांनी थोडे थांबले पाहिजे. नारायणरावांना धरावे असे पत्र राघोबादादांनी दिले होते आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी त्यातील एक अक्षर बदलून मारावे असे केले, ही कथा मराठी मुलखात घरोघर माहीत आहे. ध चा मा करणे ही म्हणच पडली. पण ते मूळ पत्र आज उपलब्ध नाही, आणि आनंदीबाईंचा यात किती हात होता याविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. म्हणजे ज्या पुरुषावर चौकशी होऊन ठपका आला, त्याची आठवण लोकांना राघोभरारी म्हणून, अटकेवर झेंडा नेणारा वीर म्हणूनही आहे. आणि जिचा दोष सर्वमान्य पुराव्याने कधी ठरला नाही, ती बाई म्हणीत कायमची अडकली. आनंदीबाई निर्दोष होत्या असे मी म्हणत नाही, कारण तेही मला ठाऊक नाही. पण रामशास्त्र्यांचे नाव घ्यायचे आणि कुजबुजीवर निकाल द्यायचा, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. नळावरच्या, जिन्यातल्या आणि आता हातातल्या मोबाईलवरच्या कुजबुजीला हे सारखेच लागू आहे.

पुढची हकिगत थोडक्यात अशी. नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांनी, ज्यांना बारभाई म्हणतात, राघोबादादांना दूर सारले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर त्यांना मुलगा झाला, आणि तोच सवाई माधवराव म्हणून पेशवा झाला. काही गारद्यांना शोधून पुढे देहान्त शिक्षा झाल्या. राघोबादादा मात्र इंग्रजांकडे गेले. त्या बोलाचालींच्या धामधुमीत, डिसेंबर १७७४ अखेर, इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली. मार्च १७७५ मध्ये दादांनी सुरतेच्या तहाने साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. आपला चेंबूर-तुर्भ्याचा टापू या साष्टीला लागूनच आहे. चिमाजीअप्पांच्या वेळी १७३७ ते १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून एवढे रक्त सांडून मिळवलेला मुलूख एका खुनाची जबाबदारी टाळू पाहणाऱ्या माणसापायी गेला. शनिवारवाड्यातील त्या प्रकरणाचा डाग असा आपल्या दाराशी येऊन पोहोचला आहे.

बारभाईंचा कारभार स्थिर झाल्यावर रामशास्त्र्यांना सन्मानाने परत बोलावले आणि ते पुन्हा न्यायासनावर बसले. याच काळातील आणखी एक गोष्ट सांगतात. परशुरामभाऊ पटवर्धन यांची लहानगी मुलगी विधवा झाली. तिचा पुन्हा विवाह करावा की काय असे भाऊंच्या मनात आले, आणि रामशास्त्र्यांनी त्याला अनुकूल मत दिले. पुढे घरातूनच विरोध झाला आणि तो बेत राहिला. विधवाविवाहाचा कायदा यायला १८५६ साल उजाडावे लागले. रामशास्त्र्यांचे हेही मत त्यांच्या हयातीत अमलात आले नाही.

२५ ऑक्टोबर १७८९ रोजी ते वारले. दोनच वर्षांनी, १७९१ मध्ये, घाशीराम कोतवालाच्या कैदेत कोंडलेले प्रवासी ब्राह्मण गुदमरून मेले आणि चिडलेल्या जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. गुन्हा मोठाच होता. पण सहा आठवडे साक्षी घेणारा न्यायाधीश गेल्यावर त्याच शहरात दगडांनी निकाल लागला, हे विसरता येत नाही.

त्यानंतर पेशवाई गेली, इंग्रजी राज्य आले आणि गेले, संविधान आले. सत्ताधाऱ्याला जाब विचारण्याचा प्रश्न मात्र तोच राहिला. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरवली. दोन आठवड्यांच्या आत आणीबाणी आली, निवडणुकीचा कायदा बदलला गेला आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात तो निकाल फिरला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी सिमेंटवाटप आणि प्रतिष्ठानाच्या देणग्या यांचा संबंध जोडणारा निकाल दिला आणि मुख्यमंत्री अंतुले यांनी राजीनामा दिला. सिमेंटच्या परवान्यासाठी खेटे घातलेल्या आपल्या ज्येष्ठ भगिनींना ते दिवस आठवत असतील. पुढे खटले वर्षानुवर्षे चालले आणि अंतुले यांना शिक्षा झाली नाही, हेही सांगितले पाहिजे. ठपका आणि शिक्षा यांच्यामध्ये पुराव्याची पायरी आहे, आणि ती मित्राला व शत्रूला सारखीच चढावी लागते.

पण त्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला तिसऱ्या एका प्रकरणात सापडले. आणीबाणीत विनाचौकशी अटकेत ठेवलेल्या माणसाला न्यायालयाकडे दाद मागता येते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी येत नाही असे ठरवले. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी वेगळे मत नोंदवले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले गेले, आणि खन्ना पद सोडून घरी गेले. त्या दिवशीही कोणी विचारले असेल, की या एकट्याच्या मताचा उपयोग काय? ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताचा तो जुना निर्णय चुकीचा ठरवून मोडीत काढला. त्या जुन्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते. तो मोडणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते आणि निकालपत्रात हे त्यांनीच लिहिले. सख्ख्या भावाला दोन रुपये देणाऱ्या रामशास्त्र्यांना ते नक्कीच पटले असते.

म्हणून त्या मुलीला मी आता सांगेन, की शिक्षा देणे हे पुष्कळदा न्यायाधीशाच्या हाती नसते. चौकशी करून खरे ठरवणे आणि ते ज्याला सांगायचे त्याच्या तोंडावर सांगणे, एवढे त्याच्या हाती असते. राघोबादादा डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावी वारले. ते तुरुंगात गेले नाहीत, पण खुनाच्या ठपक्यातून सुटलेही नाहीत. अडीचशे वर्षे झाली, दरबार गेला, वाडा जळाला, आणि तो निकाल अजून कायम आहे. १९४४ मध्ये प्रभात कंपनीने रामशास्त्र्यांवर बोलपट काढला, तेव्हा गजानन जागीरदारांच्या रूपात तोच निकाल नव्या पिढीने पुन्हा ऐकला.

आपल्या मंडळात राज्याचे निवाडे होत नाहीत. हिशेब कोणी पाहायचा, स्पर्धेत नंबर कोणाला द्यायचा, एखाद्या भगिनीविषयी कानावर आलेले पुढे सांगायचे की नाही, एवढेच निर्णय आपल्या वाट्याला येतात. तेथेही दोन्ही बाजू ऐकाव्यात, कागद पाहावा, आणि जे ठरले ते मागे नव्हे तर समोर सांगावे. येत्या वर्षात आपल्याकडून एवढे घडो, हीच या वर्धापनदिनी सदिच्छा.